आईची पळी

“अंगठा आत घ्या ताई. हात ढिला सोडा, मी बघते,” कासारीण म्हणाली आणि माझा डावा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला. साताऱ्याला भावाकडे लग्नघर होतं, 2024 च्या डिसेंबरातली दुपार. बैठकीतल्या सोफ्यांची रवानगी गॅलरीत झाली होती आणि सतरंजीवर हिरव्या बांगड्यांच्या माळा पसरल्या होत्या. नवरीचा चुडा भरून झालेला. ती दोन्ही हात हवेत धरून कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. काकू, मामी, मावशी असं करत पाळी आत्यावर, म्हणजे माझ्यावर आली. कासारणीनं अंगठ्याच्या बुडाशी दाब दिला तशी माझ्या तोंडून ‘स्स’ निघालं. ती थांबली. तिनं माझा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि आपल्या बोटाचं पेर माझ्या अंगठ्याच्या नखावरून वरून खाली एकदाच फिरवलं, नवं भांडं घेताना काठ कुठे दबलाय का बघतात तसं. मग म्हणाली, “गणपतीच्या सुमाराला लई मोठा ताप येऊन गेला काय?”

आला होता. त्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियानं धुमाकूळ घातला होता आणि आमच्या बिल्डिंगमधल्या मजल्यामजल्यावर लोक कठड्याला धरून जिने उतरत होते. ऋषिपंचमीला सकाळी मला पलंगावरून पाय खाली टाकता येईना. ताप एकशे तीनवर, आणि तो उतरल्यावरही बोटांची पेरं अशी आखडलेली की दुधाची पिशवी कापायला नवऱ्याला हाक मारायची. मी कासारणीला “हो” म्हणाले आणि तुम्हाला कसं कळलं असं विचारणार, तेवढ्यात मामींची एक बांगडी वाढली, त्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्या एकदम बोलायला लागल्या, खाली मांडववाल्याचा टेम्पो आला. कासारणीनं डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा बांगड्या भरल्या, मी तिला नमस्कार केला, आणि प्रश्न तसाच राहिला.

लग्न लागलं, वरात गेली, मी पुण्याला परत आले. पण ते एक वाक्य डोक्यातून जाईना. माझंच मला समजावत होते: त्या वर्षी कुणालाही विचारलं असतं तरी दोघींतली एक ‘हो’ म्हणाली असती. मी ‘स्स’ केलं, सांधे दुखतायत हे कुणालाही कळलं असतं. ठीक आहे. पण ‘गणपतीच्या सुमाराला’? दिवाळीत नाही, दसऱ्यात नाही? आणि खरी टोचणी निराळीच होती. तीन आठवडे मला मऊ भात भरवणाऱ्या नवऱ्याला, रोज व्हिडिओवर “हात दाखव, सूज उतरली का” विचारणाऱ्या लेकीला, आणि हे हात ज्या बाईला चोवीस तास चिकटलेले आहेत तिला, यांपैकी कुणालाच जे दिसलं नव्हतं ते एका परक्या बाईनं अर्ध्या मिनिटात ओळखलं होतं.

त्या रात्री मी बाथरूममधल्या दिव्याखाली दहाही नखं नीट पाहिली. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. आपण नखं कापतो, रंगवतो, कुरतडतो, पण बघत नाही. प्रत्येक नखावर आडवी एक रेघ होती. रेघ म्हणजे रंग नव्हे, खोलगट चर. तेवढ्यापुरतं नख खाली बसलेलं आणि मग पुन्हा वर आलेलं. दहाही बोटांवर साधारण एकाच उंचीला. 2019 च्या महापुरानंतर सांगलीत मावशीकडे गेले होते तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांवर अशीच एक रेघ होती. बँकेवर, देवळावर, पानटपरीवर, सगळीकडे एका पातळीत. पाणी इथवर होतं.

डाव्या तर्जनीवर तर आणखी एक गंमत होती. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं होतं, त्याची शाई अजून शाबूत होती. नखाच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत ओढलेला जांभळट काळा पट्टा. कातडीवरचा केव्हाच निघून गेला होता, नखावरचा तेवढा उरला होता. पण शाईचा खालचा काठ आता कातडीला टेकलेला नव्हता. मध्ये दोनेक मिलिमीटरची कोरी, गुलाबी पट्टी आली होती. मतदानानंतर उगवलेलं नख ते. म्हणजे एका बोटावर खाली निवडणूक, वर चिकनगुनिया, आणि दोन्ही हळूहळू टोकाकडे सरकत होते. नवरीच्या नखांवरची मेंदी अशीच सरकते हे प्रत्येक बाईनं पाहिलेलं असतं. माझ्या लग्नानंतर चार महिन्यांनी नखांच्या टोकांवर केशरी चंद्रकोरी उरल्या होत्या आणि त्या कापायला जीव होत नव्हता. सासूबाई म्हणाल्या होत्या, “काप गं, पीठ मळायचंय.”

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले ते जरा लाजतच. नखाला चर पडलाय म्हणून पाचशे रुपये फी भरणारी बाई म्हणजे रिकामटेकडीच. पण डॉक्टर बाईंनी दहाही बोटं भिंगाखाली घेतली, चपला काढायला लावून पायांची नखंही पाहिली. म्हणाल्या, या चरांना बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे, त्यानं 1846 मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलंय. नखाच्या बुडाशी, कातडीखाली, नख तयार करणारा एक छोटा कारखाना असतो. बुडाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते ना, तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा काठ. मोठा ताप आला, मोठं ऑपरेशन झालं, की शरीर जिथं जिथं खर्च कमी करता येईल तिथं करतं, आणि हा कारखाना काही दिवस बंद किंवा अर्धवेळ चालतो. तेवढ्या दिवसांचं नख पातळ निघतं. मग कारखाना पुन्हा सुरू, पण मंदीतला माल मागे घेता येत नाही, तो पुढे सरकत राहतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. कातडीखालून बाहेर पडायलाच चराला महिनाभर लागतो. त्यांनी पट्टी लावून अंतर मोजलं, महिने मागे मोजले आणि म्हणाल्या, “सप्टेंबरची सुरुवात.” कासारणीनं पट्टीशिवाय तेच काढलं होतं.

“औषध?” मी विचारलं.

“कशाला? ही पावती आहे. पैसे तुम्ही आधीच भरलेत.”

मला त्या बाई आवडल्या. चर एकाच नखावर असता तर मी विचारलं असतं की दारात बोट सापडलं होतं का, त्या म्हणाल्या. सगळ्या नखांवर एका पातळीत आहे म्हणजे सगळ्या अंगानं सोसलेलं काहीतरी. उभ्या बारीक रेघा दाखवल्या, तर “वय,” इतकंच म्हणाल्या. केस पिकतात तशा नखावर उभ्या रेघा येतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक तपकिरी उभी रेघ कॉलेजपासून आहे, ती मात्र त्यांनी बराच वेळ पाहिली. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत अशा रेघा खूप जणांना असतात, जुनी आहे, रुंद होत नाही, तर राहू दे. पण एकाच नखावर नव्यानं काळी रेघ आली, ती रुंदावायला लागली किंवा रंग बुडाच्या कातडीवर उतरला, तर पार्लरमध्ये नाही, इकडे यायचं, त्याच आठवड्यात. कर्करोगाचा एक प्रकार नखाखाली सुरू होतो आणि लोक त्याला मुका मार समजून वर्ष काढतात. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, म्हणून मला ते जास्त लक्षात राहिलं.

शेवटी त्यांनी माझ्याकडून एक खेळ करून घेतला. दोन्ही हातांच्या तर्जनी पाठीला पाठ लावून धरायच्या, नखाला नख टेकवून, आणि मधून उजेडाकडे बघायचं. नखांच्या बुडांशी बारीक शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. जुनाट फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या काही आजारांत बोटांची टोकं फुगीर होतात, नखं घड्याळाच्या काचेसारखी बाहेर येतात आणि ही फट बुजते. शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयतज्ज्ञानं ते 1976 मध्ये लिहिलं, तेही स्वतःच्या बोटांवर पाहून. हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊन तो स्वतःच आजारी पडला होता. येताना पीएमटीत मी तीन वेळा ती शंकरपाळी पाहिली. समोरच्या सीटवरच्या काकांनीही मग हळूच आपली पाहिली.

घरी आल्यावर मी नखांबद्दल वाचत सुटले, आणि त्यात मला विल्यम बीन सापडला. हा अमेरिकन डॉक्टर. यानं 1941 पासून दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर, कातडीच्या काठाशी, एक खूण कोरली आणि ती टोकाला कधी पोचते ते लिहून ठेवलं. पस्तीस वर्षं. सुरुवातीला तो बत्तीस वर्षांचा होता तेव्हा नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढायचं. सदुसष्टाव्या वर्षी 0.095. एवढंच निष्पन्न. मला या माणसाच्या बायकोचा विचार येतो. दर एक तारखेला सकाळी हा कानशी घेऊन खिडकीत. पण मी त्याच्यावर हसूनही त्याच्याकडे परत परत जाते, कारण म्हातारपण येतंय हे कुणी इतक्या बारीक हिशोबात, इतक्या शांतपणे मोजलेलं मी पाहिलेलं नाही. आणि आपल्या पुण्यातच त्याचं दुसरं टोक होतं. श्रीधर चिल्लाळ यांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत, थेट 2018 पर्यंत. पाचही नखं मिळून नऊ मीटरच्या वर. त्या वेटोळ्यांत सहासष्ट वर्षांतले किती ताप असतील, किती जागरणं, किती धक्के, सगळे ओळीनं. ते कुणी वाचले असते तर! पण लोक लांबी बघत होते. तो हात मात्र त्यांना पुढे कामाचा राहिला नाही.

हे सगळं वाचताना एका रात्री मी ‘चमच्यासारखी नखं’ या शब्दांवर आले आणि फोन बाजूला ठेवून दिला.

कऱ्हाडजवळच्या आमच्या घरी ओसरीवर आई दुपारी तांदूळ निवडायला बसायची. मोठ्यांची जेवणं, मुलांची जेवणं, गड्याचं ताट, मग तिचं स्वतःचं उरलंसुरलं, हे सगळं झाल्यावर. सुपात तांदूळ, शेजारी पाण्याचा तांब्या. मी आणि भाऊ तिच्या दोन बाजूंना. आमचा एक खेळ होता. तांब्यात बोट बुडवायचं आणि थेंब दुसऱ्या हाताच्या नखावर सोडायचा. आमच्या नखावरून तो लगेच घरंगळायचा. कितीही जपून हात सपाट धरला तरी कडेनं निसटायचा. आईच्या नखावर मात्र थेंब बसायचा. अनामिकेच्या आणि अंगठ्याच्या नखावर तर असा बसायचा की त्यात ओसरीच्या वाशांचं प्रतिबिंब दिसे. तिची नखं मधे खोल होती आणि कडा वर उचललेल्या. रंग फिका, पिठुळ. मी विचारायची, “तुझ्यावरच का राहतो गं?” तर ती म्हणायची, “ही माझी पळी आहे.” देवघरातल्या पळी-पंचपात्रातली पळी. कधी कधी ती तो थेंब तीर्थासारखा आमच्या तळहातावर सोडायची आणि आम्ही तो गंभीर चेहऱ्यानं पिऊन उरलेला हात डोक्यावरून फिरवायचो. भावाला फार हेवा वाटायचा. तो रात्री नखं कपबशीच्या काठावर दाबून खोलगट करायचा प्रयत्न करी.

निवडता निवडता ती कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. चिमूट, मग आणखी चिमूट. आजी आतून ओरडायची, “अगं, लेकीच्या लग्नात पाऊस पडेल!” (माझं लग्न मे महिन्यात झालं, आणि पडला.) तांदूळ संपले की माझ्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल कधी अर्धी होई, आणि मी ते खापर भावावर फोडत असे. पाचवीत असताना मी एकदा तिला कोपऱ्यात पेन्सिल चघळताना पाहिलं. ती इतकी ओशाळली की मीच मान फिरवली.

डॉक्टर नखावर पाण्याचा थेंब टाकून बघतात. तो नखावर थांबला तर नख खोलगट झालंय. ही खरीखुरी तपासणी आहे, वैद्यकाच्या पुस्तकात तिला नावही आहे. अंगात लोह फार दिवस कमी पडत गेलं की कित्येकांची नखं पातळ होतात, मग सपाट, मग पळीसारखी. कच्चे तांदूळ, खडू, माती, पेन्सिल खावीशी वाटणं हेही त्याच घरचं. म्हणजे मी आणि भाऊ रोज दुपारी ओसरीवर बसून आईची रक्ततपासणी करत होतो, आणि ती रोज तेच उत्तर देत होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

पुढे 1991 मध्ये तिची गर्भपिशवी काढायची ठरली तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघालं. दर महिन्याला किती जातंय हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, आणि विचारलं होतं कुणी? दोन बाटल्या रक्त चढवल्यावर मगच ऑपरेशन झालं. काळपट गोळ्यांची पाकिटं बरेच महिने फळीवर असायची. नख बोटावर पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, म्हणजे त्या वर्षाच्या अखेरीला तिची नखं सरळ झाली असणार. असणार म्हणते, कारण मी तेव्हा कॉलेजला हॉस्टेलवर होते, आणि सुटीत घरी आल्यावर थेंब टाकून बघायचं माझं वय उरलं नव्हतं. तिची पळी कधी गेली ते घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. भावाला परवा फोनवर विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मला वाटायचं आयांची नखं तशीच असतात.”

तसं त्याचं फार चुकलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 57 जणींना रक्तक्षय निघाला होता. सगळ्यांची नखं काही पळीसारखी होत नाहीत, तो फार पुढचा टप्पा. आणि उलटंही आहे, सपाट नख दिसलं की रक्त कमी असंच नसतं. तान्ह्या बाळांची नखं तशी असू शकतात आणि वाढत्या वयात सुधारतात, सतत पाण्यात, सोड्यात, रसायनात हात असणाऱ्यांचीही होतात. पण ओसरीवर कच्चे तांदूळ खाणाऱ्या, पायरी चढताना धाप लागणाऱ्या बाईची नखं जर थेंब धरून ठेवत असतील तर वाचायला आणखी काय हवं होतं?

आपल्याकडे नखांबद्दल ज्ञान कमी नाही, पण ते भलत्याच ठिकाणी साठलेलं आहे. दिवेलागणीला नखं कापू नयेत. शनिवारी कापू नयेत. कापलेलं नख घरात पडलं तर भांडण होतं. बगळ्यांची माळ आभाळातून निघाली की आम्ही नखांवर नखं घासत ‘बगळ्या बगळ्या कवडी दे’ ओरडायचो आणि दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका सापडला की ती बगळ्यानं दिलेली कवडी. आता त्याच ठिपक्याला घरोघरी ‘कॅल्शियम कमी आहे’ म्हणतात. त्यापेक्षा बगळा बरा होता. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या बुडाला बसलेल्या बारीक धक्क्यांचे असतात. महिना-दीड महिन्यापूर्वी बाकावर बोट आपटलेलं आठवत नाही, ठिपका दिसतो. मुलांना जास्त दिसतात कारण मुलं जास्त आपटतात.

आणि बायोटिन. चर दिसल्याबरोबर मीही इतर चारचौघींसारख्या त्याच्या जेलीच्या गोळ्या मागवल्या होत्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या. डॉक्टर बाईंना कौतुकानं सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, “थायरॉइडची तपासणी कधी आहे?” मला थायरॉइड आहे. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे त्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या एका तपासणीचेही. साधं जेवण नीट असलेल्या माणसाला त्यानं नखं सुधारतातच असंही नाही. बाटलीवर हे कुठे लिहिलं नव्हतं. तीन हप्त्यांनी बरणी मोलकरणीच्या मुलीनं मागितली, तिलाही दिली नाही. ती चिडली असेल.

डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं इतकं कंटाळवाणं होतं की त्याची जाहिरात होऊच शकत नाही. नखाच्या बुडाशी जी पातळ कातडी चिकटलेली असते ती पार्लरमध्ये मागे ढकलून कापतात, ते बंद करायचं. ते कारखान्याचं दार आहे, दार काढलं की आत पाणी जातं आणि मग नखुर्डं. भांडी घासताना हातमोजे. झोपताना नखांना आणि भोवतीच्या कातडीला साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल. नेलपेंट काढायचं द्रव वारंवार वापरलं की नख कोरडं पडून पापुद्रे सुटतात. चर असलेल्या जागी नख पातळ असतं, ते ओढणीत, स्वेटरमध्ये अडकतं, म्हणून तो टोकाला येईपर्यंत नखं आखूड ठेवायची. हे सगळं मी आठ दिवस नेमानं केलं आणि मग आठवेल तसं. हातमोजे सिंकच्या नळावर वाळत पडलेले असतात, त्यांच्याकडे बघून मी भांडी घासते.

त्याच सुमाराला सासूबाईंच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. ब्याऐंशी वर्षं, मधुमेह. डाव्या अंगठ्याचं नख पिवळट, जाड, शिंपल्यासारखं थरांचं झालेलं; त्या मोजे घालून ते लपवत होत्या. “न्हावी नराणीनं काढायचा गं पूर्वी, आता कोण येतंय!” आमच्या नेलकटरच्या तोंडात ते मावेना. मला वाटलं बुरशी, मलम आणू. डॉक्टर म्हणाल्या, जाड पिवळं नख दरवेळी बुरशीच असतं असं नाही, आधी खरवडून तपासू. कारण बुरशी निघाली तर पायाच्या नखाला तीन-तीन महिने गोळ्या लागतात आणि त्या उगाच द्यायच्या नसतात. आणि मधुमेह असलेल्या पायाचं नख घरी कोपऱ्यात खोल कोरायचं नाही, सरळ रेषेत कापायचं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आंघोळीनंतर त्यांचे पाय मी मांडीवर घेते. नख भिजून मऊ झालेलं असतं, त्याला ओल्या लाकडासारखा वास येतो. तीस वर्षांत आम्ही एकमेकींना इतका वेळ हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं दुखतंय. “नाही,” म्हणाल्या, “चालू दे.”

एप्रिल 2025 मध्ये बुलढाण्याची बातमी आली. शेगाव तालुक्यातल्या ज्या गावांत तीन-चार महिन्यांपूर्वी लोकांचे केस भसाभस गळाले होते, तिथेच आता नखं वेडीवाकडी होऊन गळायला लागली होती. टीव्हीवर माणसं ओळीनं हात पुढे करून उभी होती, पंजे उलटे, जसं शाळेत प्रार्थनेनंतर बाई नखं तपासायच्या तेव्हा आम्ही उभे राहायचो. सेलेनियमचं नाव पुढे आलं. तपासलेल्या लोकांच्या रक्तात ते जास्त सापडलं होतं. आधी केस आणि मग नखं हा क्रम मला आता कोड्यासारखा वाटला नाही. नखाला यायला वेळ लागतो, आणि येतं तेव्हा ते मागचं सांगत असतं. पडद्यावरच्या एका म्हातारीनं कॅमेऱ्यापुढे धरलेला हात लगेच पदराखाली घेतला. बातमीदार पुढच्या हाताकडे गेला.

माझे चर त्याआधीच, मार्चमध्ये टोकाला पोचले. एकेक बोट वेगळ्या दिवशी. मधलं बोट सगळ्यात आधी, करंगळी मागून. अंगठ्याचा चर कापला तेव्हा नेलकटरचा ‘कट’ असा आवाजच आला नाही, तिथलं नख इतकं तकलादू होतं. पायांच्या अंगठ्यांवरचे मात्र अजून अर्ध्या वाटेवर होते, पायाची नखं सावकाश. तुकडा मी कागदावर ठेवून जरा वेळ पाहिला. ऋषिपंचमी, नखभर. मग कागदासकट कचऱ्यात टाकला. भांडण व्हायला नको.

मागच्या महिन्यात भाचीचं डोहाळजेवण झालं, साताऱ्यालाच. तीच सतरंजी, तीच कासारीण, पेटी मात्र नवी, चाकांची. मी ठरवून शेजारी जाऊन बसले. विचारायचं राहिलेलं विचारलं. ती हसली. “रोज पन्नास-साठ हात येतात ताई. हातात घेतला की कळतं. बाळंतिणीचं नख कळतं, उपासवालीचं कळतं. आमच्या सासूला तर नवरा मारतो का तेबी कळायचं.” आणि त्यात फार काही नसल्यासारखी ती भाचीच्या बोटांना साबणाचा हात लावायला लागली.

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या हातांकडे पाहिलं. गेल्या वेळी तिनं माझं नख पाहिलं होतं. तिची कशी होती ते मला काही केल्या आठवलं नव्हतं. साबणाच्या फेसात अंगठा दिसत होता. नख फिकं, कडांना उचललेलं, मधे खोल. फेसाचा एक बुडबुडा त्या खोलग्यात अडकून तसाच राहिला होता. साबणानं असेल, मी स्वतःला म्हणाले, दिवसभर ओल्यात हात. तरी मला राहवलं नाही. हळूच म्हणाले, “तुम्ही रक्त तपासून घेतलंत का कधी?”

“रक्त कमी हाय की,” ती मान वर न करता म्हणाली. “आठ सांगितलंय. गोळ्या देतात फुकटच्या, खाल्ल्या की मळमळतं आणि पोट बांधतं. मग सीझनमध्ये बंद ठेवते.”

जेवणाआधी नको, जेवणानंतर घ्या; वर लगेच चहा नको, लिंबू पिळलेलं काहीतरी घ्या; तरी सोसत नसेल तर दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते, डॉक्टरांना तसं सांगा. मला ठाऊक असलेलं सगळं मी एका दमात सांगितलं, आईला सांगायचं राहिलेलं असावं तसं. तिनं ऐकून घेतलं. भाचीची शेवटची बांगडी चढवली, तिच्या ओटीतले तांदूळ सांडले होते ते दोन बोटांनी वेचून ताटात टाकले, आणि दोन दाणे सहज तोंडात टाकले.

मग माझ्याकडे वळून तिनं हात पुढे केला.

“अंगठा आत घ्या, ताई.”